पांढऱ्या पेशींची पकड

मी माजिवड्याला राहतो. ठाण्याजवळचे हे जुने गाव आता शहरात पुरते मिसळून गेले आहे. पण शेजारधर्म अजून शिल्लक आहे. मध्यंतरी आमच्या शेजारी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ गुटगुटीत, आई सुखरूप. पाचवी झाली, बारसे झाले, पेढे वाटून झाले. पण बाळाची नाळ काही गळेना. एरवी बारशाच्या सुमारास नाळ गळून पडलेली असते. इथे तीन आठवडे उलटले. आजूबाजूच्या बायका म्हणाल्या, "पडेल हो आपोआप, काळजी कशाला करता?" पण बाळाची आजी ऐकेना. चोविसाव्या दिवशी ती बाळाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. सोबतीला म्हणून मीही गेलो.

डॉक्टरांनी बाळाला नीट तपासले, बेंबी पाहिली आणि रक्त तपासायला सांगितले. मला नवल वाटले. माझा सगळा जन्म शाळेत शास्त्र शिकवण्यात गेला. पण नाळेचा आणि रक्ताचा असा काय संबंध, ते मला ठाऊक नव्हते. मी तसे विचारले. डॉक्टर हसून म्हणाले, "गुरुजी, नाळ काही नुसती वाळून पडत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्या मुळाशी येतात आणि तिला सोडवतात. त्या पेशी तिथं पोचल्याच नाहीत, तर नाळ तशीच राहते. पेशी आहेत की नाहीत एवढंच पाहून भागत नाही. त्यांना धरता येतं की नाही, तेही पाहावं लागतं."

त्या बाळाचे रक्त अगदी ठीक निघाले आणि दोन दिवसांत नाळही गळाली. आजीने देवापुढे साखर ठेवली. माझ्या मनात मात्र डॉक्टरांचा तो शब्द घोळत राहिला. 'धरता येतं की नाही.' पेशीने धरायचे म्हणजे काय? कशाला धरायचे? आज त्याचीच हकिगत सांगणार आहे.

आमचा माजिवड्याचा नाका आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मुंबईहून नाशिककडे जाणारा हमरस्ता इथून जातो, आणि घोडबंदरकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो. संध्याकाळी नाक्यावर उभे राहावे, तर गाड्यांचा लोंढा संपत नाही. आता त्या लोंढ्यातल्या एखाद्या ट्रकला घोडबंदरकडे वळायचे आहे असे समजा. त्याला काय करावे लागते? आधी वेग कमी करावा लागतो, मग कडेची बाजू धरावी लागते, आणि मग वळावे लागते. त्याचे ब्रेकच निकामी असतील तर? माल भरलेला आहे, ड्रायव्हर हुशार आहे, पत्ता हातात आहे. तरी तो वळणावरून सरळ पुढे भिवंडीच्या वाटेला लागेल. ज्याच्या दारात माल उतरायचा, तो वाट पाहत बसेल.

आपल्या शरीरात रक्तवाहिन्या हे असेच हमरस्ते आहेत. पांढऱ्या पेशी म्हणजे त्यांवरून फिरणारे पहारेकरी. एक पेशी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी. शेतात काम करताना पायात काटा मोडला, त्याबरोबर जंतू आत शिरले, की तिथून हाक जाते. पण हाक ऐकली तरी पेशीला रक्ताच्या वाहत्या धारेतून बाहेर पडायचे असते. ओढ्याच्या पुरात वाहणाऱ्या माणसाला काठावर यायचे असेल, तर काठावरची एखादी मुळी हाताला लागावी लागते. तशीच ही पकड.

काटा आणि पांढरी पेशी यांची गाठ पहिल्यांदा स्पष्टपणे दाखवली ती मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने. १८८२ साली इटलीतल्या मेसिना गावी त्याने समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाच्या अंगात गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. या कामासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला जवळची गोष्ट अशी, की याच मेच्निकॉफचा ओदेसातला विद्यार्थी वॉल्देमार हाफकीन पुढे मुंबईला आला आणि १८९७ साली त्याने इथे प्लेगची लस तयार केली. परळची हाफकीन संस्था त्याच्याच नावाने चालते.

पेशी काट्यापाशी पोचतात हे मेच्निकॉफने पाहिले. त्या धारेतून बाहेर कशा पडतात, हे कोडे सुटायला मात्र आणखी शंभर वर्षे लागली. ते उत्तर आता थोडक्यात सांगतो.

जिथे जंतू शिरले, तिथल्या बारीक शिरेची आतली भिंत आपल्या अंगावर काही प्रथिने बाहेर काढते. त्यांना सिलेक्टिन म्हणतात. पांढऱ्या पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक बारीक साखळ्या असतात. या साखळ्या सिलेक्टिनमध्ये अडकतात आणि सुटतात, पुन्हा अडकतात आणि सुटतात. त्यामुळे पेशी भिंतीवरून चेंडूसारखी गडगडू लागते आणि तिचा वेग मंदावतो. ही झाली पहिली पायरी, ट्रकने ब्रेक लावावा तशी. मग भिंतीकडून दुसरी खूण मिळते. ती मिळाली, की पेशीच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिने मिटलेली मूठ उघडावी तशी उघडतात, आणि भिंतीवरचे आयकॅम नावाचे प्रथिन घट्ट पकडतात. पेशी थांबते. थांबली की चपटी होते, सरपटते आणि भिंतीतल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. पुढे जंतूंशी झुंज. त्या झुंजीत मेलेल्या पेशींचा ढीग म्हणजेच आपण ज्याला पू म्हणतो तो.

आपल्याकडे जखम पिकली की वाईट वाटते, आणि वाटावेच. पण पू दिसतो याचा एक अर्थ असाही आहे, की पहारेकरी जागेवर पोचले होते.

आता ज्या मुलांत ही पकडच जन्मतः नसते, त्यांची गोष्ट ऐका. अशी मुले फार थोडी असतात, पण असतात. त्यांची नाळ महिनाभर गळत नाही आणि बेंबीला जंतू लागतात. कातडीवर जखमा होतात, पण त्या पिकत नाहीत आणि भरूनही येत नाहीत. हिरड्या सुजतात, लहान वयात दात हलतात. पुन्हा पुन्हा ताप, पुन्हा पुन्हा छातीचे आजार. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे रक्त तपासावे, तर पांढऱ्या पेशी कमी नसतात, उलट भरमसाट असतात. मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी चार ते अकरा हजार असतात. लहान बाळात काहीशा जास्त. या मुलांत आजारपणी तो आकडा पन्नास हजारांवर, कधी लाखापर्यंत जातो. रस्ता गाड्यांनी तुडुंब भरलेला, आणि वळणावर एकही गाडी वळत नाही.

या विकाराचा छडा १९८० च्या सुमारास लागू लागला. या मुलांच्या पेशींवर इंटिग्रिनचा एक भाग, ज्याला सीडी १८ असे नाव आहे, तोच नसतो किंवा अगदी थोडा असतो. म्हणजे श्रोतेहो, निरोगी माणसाच्या पकडीचे नाव विज्ञानाला कळले, त्यात या आजारी लेकरांचा वाटा मोठा आहे.

भिंतीवरचे आयकॅम हे प्रथिन १९८६ साली अमेरिकेत बोस्टनला टिमोथी स्प्रिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. १९९१ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत एक सुरेख प्रयोग झाला. शुद्ध केलेले सिलेक्टिन एका पृष्ठभागावर बसवले आणि त्यावरून रक्ताच्या वेगाने द्राव सोडून पांढऱ्या पेशी वाहू दिल्या. पेशी गडगडू लागल्या, पण थांबल्या नाहीत. आयकॅमही बसवले आणि पेशींना चेतवले, तेव्हा त्या थांबल्या. मंदावणे वेगळे आणि थांबणे वेगळे, हे त्यावरून सिद्ध झाले. स्प्रिंगर यांना इतर दोघांबरोबर २०२२ साली लास्कर पारितोषिक मिळाले, ते याच इंटिग्रिनच्या कामाबद्दल.

असे प्रयोग करायचे तर ते प्रथिन हवे. माणसाच्या शरीरातून ते काढायचे म्हटले, तर ढीगभर ऊती लागणार आणि हाती येणार कणभर. मग युक्ती निघाली. तिला रिकॉम्बिनंट पद्धत म्हणतात. कोकणातला माणूस ती चटकन समजेल, कारण ती कलमासारखी आहे. रायवळ आंब्याच्या खुंटावर आपण हापूसची काडी बांधतो. मुळे रायवळाची, पोषण रायवळाचे. पण फळ येते ते हापूसचे. तसेच माणसाच्या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली असते, ते जनुक दुसऱ्या एखाद्या पेशीत बसवायचे. पेशी आपल्या खाण्यावर वाढते, आणि माणसाचे प्रथिन तयार करून देते. उपमा थोडी लंगडी आहे, कारण कलमात काडी वेगळीच राहते आणि इथे जनुक पेशीच्या आत जाते. पण मर्म तेच. मधुमेहाच्या रोग्यांना लागणारे माणसाचे इन्सुलिन याच रीतीने बनून १९८२ साली बाजारात आले.

मात्र पकडीच्या प्रथिनांना एक अडचण आहे. त्यांच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात. इन्सुलिन साध्या जंतूकडून करून घेता येते. त्या जंतूला माणसासारख्या साखळ्या जोडता येत नाहीत. म्हणून ही प्रथिने पुष्कळदा सस्तन प्राण्यांच्या किंवा माणसाच्याच पेशींमध्ये करवून घेतात. एक फार वापरात असलेला वाण म्हणजे चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींचा. १९५० च्या दशकात अमेरिकेत तो प्रथम वेगळा काढला गेला. अशा पेशींचे वाण जपून ठेवणारी आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पुरवणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, गणेशखिंड. बी-बियाण्याचे कोठार असावे, तसे हे पेशींचे कोठार.

अशा रीतीने केलेले प्रथिन शुद्ध करून, गोठवून, वाळवून बाटलीत भरतात. किती? पन्नास-शंभर मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बाटलीच्या तळाशी पांढरा पापुद्रा दिसला तर दिसला. बाटलीवर लिहिलेले असते, 'फक्त संशोधनासाठी'. हे ध्यानात ठेवा. ते औषध नव्हे, कोणी टोचून घ्यायचे नाही. ते प्रयोगशाळेतल्या तबकडीच्या तळाला लावतात, वर पेशी सोडतात, मग धुतात, आणि किती पेशी धरून राहिल्या ते मोजतात. निरोगी माणसाच्या पेशी टिकतात, रोग्याच्या वाहून जातात. अशा प्रयोगांतून पकडीचे गुण आणि दोष कळतात. औषध शोधणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. कारण काही आजारांत पकड अति होते आणि पेशी नको तिथे, आतड्यात किंवा मेंदूत, गर्दी करतात. चोरही हीच कडी धरतात. सर्दीचे बरेचसे विषाणू नाकातल्या पेशींवरच्या आयकॅमला धरून आत शिरतात, आणि हिवतापाचा घातक जंतू ज्या तांबड्या पेशीत शिरतो, ती पेशी याच आयकॅमला चिकटून बारीक शिरा तुंबवू शकते.

आता मी आपल्याला परळला घेऊन जातो, कारण या गोष्टीचा एक धागा तिथे गुंतला आहे.

१९५२ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक नवा रक्तगट जगापुढे मांडला. नेहमीच्या चाचणीत तो 'ओ' वाटतो, पण त्या माणसाला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही; त्याला त्याच्याच गटाचे लागते. मुंबईत सापडला म्हणून त्याचे नाव 'बॉम्बे' रक्तगट असे पडले, आणि जगभर ते अजून तसेच आहे. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एखादा माणूस या गटाचा असतो. कारण काय? तांबड्या पेशींवर फ्यूकोज नावाची एक साखर ठराविक जागी बसवली जाते. या लोकांत ती बसवणारा कारागीरच नसतो. एवढे सोडले तर ती माणसे ठणठणीत असतात.

यानंतर चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. पुन्हा पुन्हा जंतूंचा त्रास, पांढऱ्या पेशी भरमसाट, पू नाही. आणि रक्तगट? बॉम्बे! डॉक्टरांना उलगडा झाला. सिलेक्टिनला अडकणाऱ्या साखळ्यांतही फ्यूकोज लागते. बॉम्बे गटाच्या निरोगी माणसात एक कारागीर गैरहजर असतो, पण बाकीचे कामावर असतात, म्हणून पांढऱ्या पेशींची पकड शाबूत राहते. या मुलांत मात्र साखरेची गाडीच कारखान्यात पोचत नव्हती. त्यामुळे सगळेच कारागीर हात बांधून बसले होते. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत अशा एका मुलाला तोंडावाटे फ्यूकोज दिले, तेव्हा त्याची पकड सुधारली. प्रत्येक मुलाला असा गुण येत नाही. पण एका साखरेने एका लेकराचे पहारेकरी कामाला लागले, हे काही थोडे नाही. परळला एका रक्ताच्या बाटलीवरून सुरू झालेला विचार कुठवर पोचला, पाहा.

मुंबईत १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र निघाले. तीच संस्था वाढत जाऊन आज केईएमच्याच आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था म्हणून काम करते. पकड नसलेल्या मुलांचे निदान तिथे होते. रक्ताच्या थोड्या थेंबांत रंगीत खुणेची द्रव्ये मिसळतात, पेशी एकामागून एक प्रकाशाच्या झोतापुढून नेतात, आणि सीडी १८ आहे की नाही ते यंत्र सांगते. या संस्थेने देशातल्या इतर रुग्णालयांबरोबर अशा शंभराहून अधिक भारतीय मुलांची माहिती २०२० साली प्रसिद्ध केली. याचा अर्थ असा, की हा रोग परक्या देशातला, पुस्तकातला नाही. तो आपल्या पाळण्यातही येतो.

म्हणून आता दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आयाबायांनी आणि गावोगावच्या शिक्षकांनी त्या मनात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट नाळेची. तीन आठवडे होऊन गेले आणि नाळ गळाली नाही, तर बाळाला डॉक्टरांना दाखवा. बेंबीभोवती लाली, सूज, घाण वास किंवा ताप असेल, तर तीन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी न्या. नाळेवर हळद, राख, शेण काही लावू नका. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवा. आणि घाबरून जाऊ नका. उशिरा नाळ पडणारी बहुतेक बाळे आमच्या शेजारच्या बाळासारखी निरोगीच असतात. पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दुसरी गोष्ट शाळेची. वर्गात एखादे मूल वारंवार आजारी पडते, त्याच्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत, हिरड्या कायम सुजलेल्या असतात. शिक्षकांनी त्याला 'आळशी' किंवा 'अस्वच्छ' म्हणण्याआधी त्याच्या पालकांना बोलावून सांगावे, की मोठ्या रुग्णालयात एकदा रक्त तपासून घ्या. काही मुलांत पकड थोडीशी असते, ती मुले शाळेच्या वयापर्यंत येतात. त्यांच्याकडे पाहणारा पहिला जाणता माणूस शिक्षकच असतो.

तिसरी गोष्ट घराण्याची. हा दोष आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष जनुक आले तरच होतो. त्या दोघांना स्वतःला काही होत नाही. असे आईबाप असले, तर दर खेपेस चारांत एक एवढा धोका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी, आतेच्या मुलाशी लग्न करायची चाल अनेक घरांत आहे. एकाच कुळातले दोघे असले, की तेच जनुक दोघांकडे असण्याचा संभव वाढतो. म्हणून घरात एखादे बाळ कारण न कळता जंतूंच्या आजाराने दगावले असेल, तर पुढच्या बाळाआधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात तपासणी करता येते. त्या आईला मात्र दोष देऊ नका. तिने ग्रहण पाहिले म्हणून, तिला नजर लागली म्हणून असे काहीही होत नाही.

आणि उपाय? पकड अजिबात नसलेल्या मुलाला निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी देतात. भावाबहिणीची मज्जा जुळली तर उत्तम. उपचार मोठा आहे, खर्चाचा आहे. पण तो झाला नाही तर अशी अनेक मुले दोन वर्षांचीही होत नाहीत. म्हणून लवकर कळणे हेच महत्त्वाचे. मुलाचेच जनुक दुरुस्त करून त्याच्याच पेशी परत देण्याचेही प्रयोग झाले आहेत, आणि त्यांतून आशा वाटावी असे निष्कर्ष आले आहेत.

श्रोतेहो, अजूनही संध्याकाळी नाक्यावरून येताना मी गाड्यांकडे पाहत उभा राहतो. एखादा ट्रक वेग कमी करतो, कडेला येतो, नीट वळतो आणि घोडबंदरच्या रस्त्याला लागतो. इतके दिवस मी ते पाहत होतो, पण त्यात काही विशेष आहे असे वाटले नव्हते. आता शेजारचे ते बाळ रांगू लागले आहे. परवा उंबऱ्यावर पडून त्याचा गुडघा खरचटला. दोन दिवसांत जखम लाल झाली, थोडी पिकली आणि आठवड्यात खपली धरून बरी झाली. त्याची आई काळजीत होती. आजी आणि मी मात्र एकमेकांकडे पाहून हसलो.